हरण्याचा हिशेब

'ड्राफ्ट' हा शब्द ऐकला की माझ्या डोळ्यांपुढे अजूनही काउंटरवरची रांग उभी राहते. मुलाच्या परीक्षेच्या फीसाठी डिमांड ड्राफ्ट काढायला आलेले वडील, 'रुपये अक्षरी' लिहिताना अडखळलेल्या बाई, आणि "साहेब, आज मिळेल ना?" हा ठरलेला प्रश्न. पस्तीसेक वर्षं बँकेत काढली. त्यातली बरीचशी ड्राफ्टवर सह्या करण्यात गेली. २०१७ साली निवृत्त झालो आणि त्याच हिवाळ्यात आम्ही उभयता अमेरिकेत, क्लीव्हलंडला मुलीकडे राहायला गेलो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी जेवताना माझा आठ वर्षांचा नातू म्हणाला, "आबा, यंदा ड्राफ्टमध्ये आपला पहिला नंबर आहे."

मी कौतुकाने म्हटलं, "अरे वा! म्हणजे आपण जिंकलो?"

"नाही. आपण सगळ्या मॅच हरलो."

सगळ्या म्हणजे सगळ्या. सोळापैकी सोळा. माझ्या चेहऱ्याकडे बघून जावई हसत म्हणाले, "बाबा, तो एक प्लॅन आहे. आत्ता हरायचं, पुढे जिंकायचं." नातवाने पोळीचा तुकडा ताटात तसाच ठेवला आणि मला विचारलं, "आबा, मुद्दाम हरणं म्हणजे चीटिंग ना?"

मी म्हणालो, "आधी जेव." आजोबांना उत्तर येत नसलं की ते हेच म्हणतात. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्याला अजून दिलेलं नाही. आज द्यायचा प्रयत्न करतो.

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. लंबगोल चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर चिलखत, आणि पायांपेक्षा हातांचाच वापर अधिक. या खेळाच्या राष्ट्रीय लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, बत्तीस संघ आहेत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या श्रेणीतले तळाचे तीन संघ दर वर्षी खालच्या श्रेणीत ढकलले जातात. इथे तसं काही नाही. उलट, जो सगळ्यात जास्त हरला त्याला कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या नव्या खेळाडूंमधून पहिला खेळाडू निवडण्याचा हक्क मिळतो. मग तळातला दुसरा, मग तिसरा, अशा सात फेऱ्या. हा तो ड्राफ्ट. शिवाय निवडीचे हे हक्क जुन्या काळच्या हुंडीसारखे एकमेकांना देता-घेता येतात.

नियमामागचा हेतू चांगलाच होता. फिलाडेल्फिया ईगल्स संघाचे मालक बर्ट बेल यांनी १९३५ साली ही कल्पना मांडली. श्रीमंत संघ चांगली पोरं उचलून नेतात, गरीब संघ वर्षानुवर्षं मार खातात, आणि हे असंच चाललं तर सगळी लीगच बसेल, असं त्यांचं म्हणणं. १९३६ साली पहिला ड्राफ्ट झाला. पडलेल्याला हात द्यावा, एवढाच साधा विचार. पण पडलेल्याला हात मिळतो हे एकदा कळलं की कुणीतरी हिशेब मांडतोच: मग थोडं पडूनच का राहू नये?

हा हिशेब मला नवा नव्हता. आजारी उद्योगांसाठी आपल्याकडे १९८५ साली कायदा झाला आणि त्याखालचं बीआयएफआर हे मंडळ १९८७ साली कामाला लागलं. कंपनीचा साठलेला तोटा तिच्या नेटवर्थइतका किंवा त्याहून जास्त झाला की कंपनी 'आजारी'. एकदा आजारी ठरली की बँकांच्या वसुलीला स्थगिती, व्याजात सवलत, पुनर्वसनाची योजना. मी तेव्हा तरुण अधिकारी होतो. एका कारखान्याच्या बैठकीला साहेबांची फाइल घेऊन गेलो होतो. मालक नव्या कोऱ्या गाडीतून उतरले. फाटकाबाहेर कित्येक महिने पगार न मिळालेले कामगार बसले होते. परतताना साहेब म्हणाले, "उद्योग आजारी पडतो, उद्योगपती कधी आजारी पडलेला पाहिला आहेस का?" खऱ्या आजाऱ्यांसाठी उघडलेल्या दवाखान्यात खोटे आजारीही रांग लावत होते. २०१६ च्या डिसेंबरात तो कायदा रद्द झाला. त्याच महिन्यात क्लीव्हलंडचा संघ आपल्या आजारपणाचं पहिलं वर्ष संपवत होता.

क्लीव्हलंड हे एरी सरोवराच्या काठचं पोलादाचं शहर. पूर्वीचं वैभव ओसरलेलं, पण स्वाभिमान शिल्लक असलेलं. आपल्या एखाद्या गिरणगावासारखं म्हणा ना. त्यांचा ब्राउन्स हा संघ १९४६ सालचा. १९५०, १९५४, १९५५ आणि १९६४ अशी चार वर्षं एनएफएलचं अजिंक्यपद त्यांच्याकडे होतं. मुलीच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ पोलादाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. १९६४ चा तो अंतिम सामना त्यांनी बारा वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून पाहिला होता. बाल्टिमोरचा संघ सत्तावीस विरुद्ध शून्य असा धुतला गेला होता. १९९५ साली मालकाने संघ उचलून त्याच बाल्टिमोरला नेण्याचं जाहीर केलं, तेव्हा घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात लोकांनी खुर्च्या उपटून मैदानात फेकल्या. हे गृहस्थही त्यात होते. फक्त त्यांनी आपली खुर्ची फेकली नाही, घरी आणली. ती त्यांच्या गॅरेजमध्ये आहे. तिच्यावर कुणी बसत नाही.

१९९९ साली क्लीव्हलंडला नवा संघ मिळाला, नाव तेच. पण त्यानंतरच्या एकोणीस हंगामांत फक्त दोनदा विजय पराभवांपेक्षा जास्त झाले. तेव्हा २०१६ च्या सुरुवातीला नव्या व्यवस्थापनाने पाटी पुसायचं ठरवलं, तर त्यात नवल नव्हतं. अनुभवी, महागडे खेळाडू जाऊ द्यायचे. हातातले चांगले हक्क देऊन त्याबदली पुढच्या वर्षांचे जास्त हक्क घ्यायचे. आज रोकड नाही, पण मुदत ठेवी भरपूर, असा मामला. २०१६ चा हंगाम संपला तेव्हा विजय एक, पराभव पंधरा. २०१७ साली तोही एक विजय गेला.

बँकवाला म्हणून सांगतो, त्यातली काही कलाकारी बघून मी मनातल्या मनात टोपी काढली. २०१७ च्या मार्चमध्ये ह्यूस्टनच्या संघाला ब्रॉक ऑस्वायलर नावाचा, न चाललेला महागडा खेळाडू डोईजड झाला होता. त्या वर्षाचं त्याचं मानधन एक कोटी साठ लाख डॉलर. क्लीव्हलंडने तो बोजा आपल्या डोक्यावर घेतला आणि त्याबद्दल ह्यूस्टनकडून पुढच्या वर्षीचा दुसऱ्या फेरीतला निवडीचा हक्क पदरात पाडून घेतला. म्हणजे दुसऱ्या बँकेचं बुडीत खातं आपल्या लेजरात ओढून घ्यायचं आणि बक्षिसी म्हणून तिची एक चांगली ठेव मिळवायची. ऑस्वायलरला हंगामाआधीच निरोप मिळाला. त्या हक्कातून २०१८ साली निक चब आला, जो पुढे क्लीव्हलंडच्या घराघरांत लाडका झाला. हिशेब म्हणून बघाल तर खणखणीत.

या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, ते नाकारू नये. दर वर्षी सात जिंकायचे, नऊ हरायचे, ना वर ना खाली, ही अवस्था शेवाळलेल्या पाण्यासारखी असते. त्यापेक्षा एकदाच काय ते दुखणं सोसावं. बँकेतही नवा मॅनेजर आला की पहिल्याच वर्षी सगळी थकीत खाती बाहेर काढतो, तोटा दाखवतो, आणि पुढची वर्षं उजळ करून घेतो. दुसऱ्या खेळांत हे फळलेलंही आहे. बेसबॉलमध्ये ह्यूस्टनचा अ‍ॅस्ट्रोज संघ २०११ पासून लागोपाठ तीन वर्षं शंभराहून जास्त सामने हरला आणि २०१७ साली जगज्जेता झाला. (त्या जेतेपदाला नंतर खुणा चोरण्याच्या प्रकरणाचा डाग लागला, ती गोष्ट वेगळी.) तेव्हा व्यवस्थापन मूर्ख होतं असं मी म्हणणार नाही.

माझी अडचण निराळी आहे. या हिशेबात खर्चाची एक बाजू मांडलेलीच नाही.

६ जानेवारी २०१८ ला क्लीव्हलंडच्या चाहत्यांनी मिरवणूक काढली. 'परिपूर्ण हंगामा'ची मिरवणूक. एकही सामना न जिंकण्यात जी परिपूर्णता आहे, तिची. आदल्या वर्षीही ती ठरली होती, पण २४ डिसेंबर २०१६ ला संघाने सॅन दिएगोला हरवलं आणि बेत रद्द झाला. या वेळी तसं विघ्न आलं नाही. मी जावयांबरोबर गेलो. सरोवरावरून येणारा वारा कानशिलं कापत होता. थंडी शून्याच्या कितीतरी खाली. तीनेक हजार माणसं स्टेडियमभोवती गोल चालत होती, म्हणजे वरून पाहिलं तर एक प्रचंड शून्य दिसावं. कुणी शवपेटी आणली होती, कुणी थडग्याची पाटी. लोक हसत होते, आणि गरिबांच्या अन्नपेढीसाठी पैसेही गोळा करत होते. मला ते आवडलं. रडण्यापेक्षा हसून निषेध करणाऱ्या माणसांचं मला नेहमीच कौतुक वाटतं. काही खेळाडूंना मात्र ती थट्टा झोंबली आणि त्यांनी तसं बोलूनही दाखवलं.

नातू आला नव्हता. त्याच्यासाठी मुलीने कानटोपी, हातमोजे सगळं काढून ठेवलं होतं. पण निघायच्या वेळी तो जिन्यात बसून राहिला. "मी नाही येणार. आपल्याच लोकांना कशाला हसायचं?" एवढंच म्हणाला. शेजारचे गृहस्थही आले नव्हते. संध्याकाळी फाटकाशी भेटले तेव्हा मी विचारलं. ते म्हणाले, आपल्या घरच्या माणसाची प्रेतयात्रा तो जिवंत असताना काढत नाहीत.

एक आठ वर्षांचा, एक पासष्टीचा. हिशेबाची राहिलेली बाजू ती ही. व्यवस्थापन म्हणतं, दोन-तीन वर्षं कळ काढा. पण मुलाची आठ ते दहा ही वर्षं कोणत्या मुदत ठेवीत ठेवायची? शाळेत संघाचा सदरा घालून जायचं आणि चिडवून घ्यायचं, तरी पुढच्या रविवारी पुन्हा तोच सदरा मागायचा, हे वय एकदाच येतं. आणि पासष्टीच्या माणसाला 'पाच वर्षांनी बघा' म्हणणारा कोण? तिकिटं काही फुकट नव्हती. ज्याच्या खिशातून आणि ज्याच्या आयुष्यातून हे कर्ज उचललं, त्याची सही कुठल्याच कागदावर नाही.

आणि खेळाडू? हे मात्र स्पष्ट सांगितलं पाहिजे, कारण आपल्याकडे २००० सालच्या मॅच-फिक्सिंगने मनं इतकी पोळली आहेत की मुद्दाम हरणं म्हटलं की आपल्याला पैसे खाल्लेला खेळाडूच आठवतो. इथे तसं नव्हतं. मैदानात उतरणारा प्रत्येक जण जीव तोडून खेळत होता. त्याची रोजीरोटीच त्यावर होती. हरण्याची सोय झाली ती वर, कार्यालयात, संघ निवडतानाच. जो थॉमस नावाचा एक आडदांड गडी २००७ पासून क्लीव्हलंडकडून खेळत होता. खेळ सुरू व्हावा आणि तो मैदानात असावा, असं सलग १०,३६३ वेळा घडलं. एकदाही तो बाहेर बसला नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात दंडाचा स्नायू फाटला तेव्हा तो पहिल्यांदा थांबला, आणि पुढच्या मार्चमध्ये निवृत्त झाला. बाद फेरीचा एकही सामना त्याच्या नशिबी आला नाही. २०२३ साली त्याला खेळाच्या सर्वोच्च सन्मानदालनात स्थान मिळालं. त्याची शेवटची दोन वर्षं या पुनर्रचनेच्या खात्यात खर्ची पडली. ती त्याला कोण परत देणार?

संघाने मुद्दाम हरल्याचं कधीच कबूल केलं नाही, हेही न्यायाने नोंदवायला हवं. २०२२ साली त्या वेळचे प्रशिक्षक ह्यू जॅक्सन यांनी त्या अर्थाचं जाहीरपणे सुचवलं. लीगने चौकशी केली आणि पुरावा मिळाला नाही. मायामीच्या संघावर २०१९ च्या हंगामाबद्दल असाच आरोप झाला. संघ मुद्दाम हरला नाही, असा तिथेही निष्कर्ष निघाला. मला याचं आश्चर्य वाटत नाही. कर्जाच्या फाइलीत 'बुडवायचं आहे' असं कुणी लिहून ठेवत नाही. कमकुवत संघ उतरवणं हा गुन्हा नाही, आणि हेतूची पावती फाडता येत नाही.

शिवाय याची झळ आपल्याच चाहत्यांना लागते असंही नाही. ३ जानेवारी २०२१ ला फिलाडेल्फियाचा ईगल्स संघ, म्हणजे ड्राफ्टची कल्पना काढणाऱ्या बर्ट बेल यांचाच संघ, वॉशिंग्टनविरुद्ध खेळत होता. ईगल्सचं आव्हान आधीच संपलेलं. पण ते जिंकले असते तर न्यूयॉर्कचा जायंट्स संघ बाद फेरीत गेला असता. शेवटच्या सत्रात फक्त तीन गुणांचा फरक असताना प्रशिक्षकाने आपला मुख्य खेळाडू बाहेर काढून राखीव खेळाडू आत पाठवला. ईगल्स १४ विरुद्ध २० असे हरले. ड्राफ्टमधला त्यांचा क्रमांक नवव्याऐवजी सहावा झाला, आणि न्यूयॉर्कचे लोक टीव्हीसमोर हात चोळत बसले. राखीव खेळाडूला संधी द्यायची होती, असं प्रशिक्षकाने सांगितलं. असेलही. पण शंकेचा किडा एकदा खेळात शिरला की प्रत्येक चुकलेल्या झेलाकडे माणूस तिरक्या नजरेने बघू लागतो. बँकेवर जसा धावा होतो ना, तसंच. तिजोरीत पैसे असतात, पण विश्वास उडालेला असतो.

मग क्लीव्हलंडचं पुढे काय झालं? २० सप्टेंबर २०१८ च्या रात्री न्यूयॉर्क जेट्सना हरवून त्यांनी ६३५ दिवसांनी सामना जिंकला. आपल्याकडे शुक्रवारची सकाळ होती, नऊच्या सुमारास फोन वाजला. पलीकडे नातू नुसता किंचाळत होता. मागे मुलगी "उद्या शाळा आहे" म्हणत होती, पण तीही हसत होती. जिंकेपर्यंत कुलूपबंद ठेवलेली बिअरची कपाटं गावात एकाच वेळी उघडली, असं जावयांनी सांगितलं. २०२१ च्या जानेवारीत संघाने बाद फेरीत पिट्सबर्गला ४८ विरुद्ध ३७ असं हरवलं. सव्वीस वर्षांत असं घडलं नव्हतं. म्हणजे योजना यशस्वी झाली म्हणायची?

जरा पुढचं पान उलटा. योजना आखणारे अधिकारी २०१७ च्या डिसेंबरातच घरी गेले होते. प्रशिक्षक २०१८ च्या ऑक्टोबरात गेले. ज्या पहिल्या क्रमांकासाठी सोळा पराभव सोसले, त्या क्रमांकावर घेतलेला बेकर मेफिल्ड २०२२ साली दुसऱ्या संघाला देऊन टाकला. त्याच वर्षी दुसऱ्याच एका खेळाडूसाठी पहिल्या फेरीतले तीन हक्क आणि तेवीस कोटी डॉलरची हमी मोजली. जमवलेल्या ठेवी अशा मोडल्या. २०२४ च्या हंगामात विजय तीन, पराभव चौदा. पुन्हा पाटी पुसायची वेळ.

माझ्या नोकरीत माझ्या अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक ठिकाणी मी मोठमोठे बेत आखले आणि ते पुरे होण्याआधी पुढच्या गावी गेलो. पासबुक घेऊन काउंटरसमोर उभं असलेलं गिऱ्हाईक मात्र तिथेच होतं. मॅनेजरची बदली होते, गिऱ्हाईकाची होत नाही. धीर धरा, असं सांगणारे स्वतः धीर धरायला थांबत नाहीत, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

उपाय नाहीत असं नाही. बास्केटबॉलच्या लीगने १९८५ पासून पहिल्या क्रमांकासाठी सोडत ठेवली आहे. सगळ्यात जास्त हरलं म्हणजे पहिला नंबर नक्की, अशी खात्री तिथे नाही. त्यानेही लबाडी संपली नाही, पण तिचा नफा कमी झाला. आणि एक उपाय तर बिनखर्चाचा आहे. हंगामाच्या आधी चाहत्यांसमोर उभं राहून खरं सांगावं, यंदा आम्ही दुबळे असणार, म्हणून तिकीट निम्म्या दरात देतो. शाखा दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असली तरी आम्ही आठ दिवस आधी दारावर कागद चिकटवत होतो.

तेव्हा बाळा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. मैदानावरच्यांनी चीटिंग केली नाही. कार्यालयातल्यांनी नियम मोडला नाही. पण तू भरवशाने दिलेली गोष्ट त्यांनी तुला न विचारता वापरली. बँकेत याला आम्ही चोरी म्हणत नसू, पण असं करणाऱ्याबरोबर जेवायलाही बसत नसू.

नातू आता माझ्यापेक्षा उंच झाला आहे. मध्यंतरी फोनवर मी त्याला म्हटलं, "एवढं हरतात, तर दुसरा एखादा संघ धर की." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "आबा, असं कसं करता येईल?" शेजारच्या आजोबांनी ती गॅरेजमधली खुर्ची आता त्याला दिली आहे. त्याच्या खोलीत, खिडकीपाशी ठेवली आहे म्हणतो.